झाशीच्या दत्तकाला लावलेले दोन न्याय

दत्तक म्हटले की आपल्या तोंडी पिंडदानाची भाषा येते. मनात मात्र बहुधा मिळकत असते. यात लबाडी आहे असे मुळीच नव्हे. धर्मशास्त्रानेच या दोन्ही गोष्टी एकाच मुलाच्या पदरात टाकल्या आहेत. जो पिंड देईल तोच रिक्थ घेईल. नंदपंडिताची ‘दत्तकमीमांसा’ व नीलकंठभट्टाचा ‘व्यवहारमयूख’ यांच्या आधारे इंग्रजी न्यायालयांनी जो दत्तकाचा कायदा चालविला, त्याचाही पाया हाच होता. १८५४ साली झाशीत मात्र या एका वारशाचे दोन तुकडे करण्यात आले.

२० नोव्हेंबर १८५३ रोजी गंगाधरराव नेवाळकरांनी मरणशय्येवर असताना भाऊबंदांपैकी वासुदेवरावांचा पाच वर्षांचा मुलगा आनंदराव दत्तक घेतला व त्याचे नाव दामोदरराव ठेवले. विधी इंग्रज अधिकारी मेजर एलिस यांच्या समक्ष झाला. दुसऱ्या दिवशी गंगाधरराव निवर्तले. औरस पुत्र नाही, मुलगा त्याच कुळातला, देणारा व घेणारा दोघेही हजर. शास्त्राच्या दृष्टीने या दत्तकात बोट ठेवायला जागा नव्हती.

डलहौसीनेही तेथे बोट ठेवले नाही, हीच या प्रकरणातील खरी मौज. त्याने दत्तकविधान खोटे ठरविले नाही. झाशी हे स्वतंत्र राज्य नसून पेशव्यांच्या सुभेदारीतून आलेले मांडलिक संस्थान आहे, तेव्हा सार्वभौम सत्तेच्या संमतीवाचून दत्तकाला गादी मिळत नाही, असे त्याचे म्हणणे होते. १८१७ च्या तहात रामचंद्ररावांच्या वारसांचा हक्क मान्य केला होता; शेजारच्या ओरछा व दतिया संस्थानांत दत्तक मंजूर झाले होते. राणी लक्ष्मीबाईंनी हे सारे अर्जांतून मांडले. उपयोग झाला नाही. राज्य खालसा झाले आणि राणींना दरमहा पाच हजारांची नेमणूक ठरली.

गंगाधररावांची खासगी मालमत्ता राणींना द्यावी, अशी शिफारस मेजर माल्कम यांनी केली होती. ती डलहौसीने नाकारली. का, तर ती मालमत्ता हिंदू कायद्याप्रमाणे दत्तक पुत्राची. ती दुसऱ्याला देण्याचा सरकारला अधिकार नाही! म्हणजे तिजोरीपुरता दामोदरराव गंगाधररावांचा पुत्र, गादीपुरता नव्हे. सुमारे सहा लाख रुपये त्याच्या नावे सरकारात राहिले. पुढे त्याच्या मुंजीसाठी राणींनी त्यातून एक लाख मागितले, तेव्हा सरकारने जामीन घेतल्यावरच ते हाती पडले. मुलाच्याच पैशातून मुलाची मुंज, आणि तीही जामिनावर!

डलहौसीचा युक्तिवाद अगदीच हवेतला होता असे म्हणणे मात्र न्याय्य होणार नाही. मराठेशाहीतही सरदार-जहागीरदारांच्या दत्तकाला वरिष्ठाची मान्यता लागे व त्यासाठी नजराणा भरावा लागे. परंतु नजराणा घेऊन घराणे चालू ठेवणे निराळे आणि संमती नाकारून घराणे बुडविणे निराळे. शिवाय १८४३ साली ग्वाल्हेरीस जनकोजीराव शिंदे निपुत्रिक वारले, तेव्हा त्यांची अल्पवयीन विधवा ताराबाई यांनी घेतलेला दत्तक, म्हणजेच पुढचे जयाजीराव, याच कंपनी सरकारने मान्य केला होता.

सत्तावन्न सालच्या उठावानंतर वारे फिरले. १८६२ मध्ये कॅनिंगने संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या. १८७५ साली मल्हारराव गायकवाडांना पदच्युत केल्यावर तर बडोद्याची गादी चालावी म्हणून सरकारनेच दत्तकाची वाट मोकळी केली. खंडेराव १८७० मध्येच वारले होते. बंगालच्या परंपरेत पतीच्या अनुज्ञेवाचून विधवेला दत्तक घेता येत नसे. पश्चिम हिंदुस्थानात अशा स्पष्ट अनुज्ञेची गरज मानीत नसत. २७ मे १८७५ रोजी खंडेरावांच्या विधवा जमनाबाई यांनी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या गोपाळरावाला दत्तक घेतले. तेच सयाजीराव. पतीने स्वतः, अधिकाऱ्यासमक्ष घेतलेल्या दत्तकाला झाशीत गादी नाकारली गेली. पतीच्या निधनानंतर पाच वर्षांनी विधवेने घेतलेल्या दत्तकाला बडोद्यात ती मिळाली. शास्त्र या एकवीस वर्षांत बदलले नव्हते.

दामोदररावाचे पुढे काय झाले, हे इंदूरकरांना सांगावयास नको. जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरीजवळ राणी पडल्या, तेव्हा तो त्यांच्यासमवेत होता. त्यानंतर काही काळ रानावनात काढून तो इंग्रजांच्या स्वाधीन झाला आणि तुटपुंज्या निवृत्तिवेतनावर इंदुरास राहिला. डलहौसीने त्याची म्हणून मान्य केलेली रक्कमही सरकारने त्याला परत दिली नाही. १९०६ साली त्याचे इंदुरातच निधन झाले. त्याच वर्षी बडोद्यात सयाजीरावांनी सबंध राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले.