ओढ्यातली पानं कुरतडतं कोण?

१९८० मध्ये रॉबिन व्हॅनोट आणि सहकाऱ्यांनी उत्तर अमेरिकेतल्या नद्यांवरून एक सिद्धान्त मांडला. गर्द झाडीतल्या डोंगरी ओढ्याचं मुख्य अन्न म्हणजे गळलेली पानं. ती कुरतडणारे किडे तळाशी भरपूर असतात आणि त्यांनी केलेल्या चुऱ्यावर खालच्या अंगाचे जीव पोसले जातात. हीच अपेक्षा धरून उष्ण कटिबंधातल्या ओढ्यांचे तळ तपासले गेले आणि हिशेब जुळेना. केनियातल्या ओढ्यांवरच्या मायकेल डॉबसन आणि सहकाऱ्यांच्या २००२ च्या शोधनिबंधाचं शीर्षकच विचारतं, की उष्ण कटिबंधात कुरतडणाऱ्यांची टंचाई असल्याचा हा आणखी पुरावा आहे का? ही टंचाई जेवढी ओढ्यातली, तेवढीच मोजण्याच्या रीतीतली होती, असं पुढचा पुरावा सांगतो.

आधी जाळं पाहू. तळ मोजायचं सर्बर जाळं १९३७ मध्ये अमेरिकेत आलं. एक चौरस फुटाची चौकट तळावर टेकवायची, तिच्यातले दगड हाताने चोळायचे. सुटलेले किडे प्रवाहाबरोबर मागच्या पिशवीत जातात. खेकडा मात्र चौकट टेकताच कपारीत पळतो. केनियातल्या ओढ्यांत पाला खाणारे हेच खेकडे तळाच्या जीवांत वजनाने सर्वांत भारी असल्याचं डॉबसन यांच्याच गटाने २००७ मध्ये दाखवलं. दुसरी अडचण पुस्तकांची. कोणता किडा काय खातो, याच्या याद्या समशीतोष्ण देशांतल्या नातलग किड्यांवरून बनल्या होत्या. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या उष्ण वर्षावनांत चेशायर, बोयेरो आणि पिअर्सन यांनी किड्यांच्या आतड्यांतलं अन्नच तपासलं आणि २००५ मध्ये निष्कर्ष काढला, की तिथे पानं कुरतडणारे दुर्मीळ नाहीत.

यावर आक्षेप असा, की टंचाई खरीच आहे: पाषाणमाश्यांसारखे गट मुळात थंड पाण्याचे, आणि उष्ण पाण्यात पानं कुजवण्याचं काम सूक्ष्मजीवच झपाट्याने उरकतात. आक्षेपात तथ्य आहे. अनेक देशांतल्या ओढ्यांच्या २०११ च्या तुलनेतही विषुववृत्ताकडे पानं कुरतडणाऱ्या किड्यांचं वैविध्य कमीच भरलं. पण जाती कमी असणं वेगळं आणि काम करणारं कुणीच नसणं वेगळं. शिवाय नुसत्या तापमानावर सगळं ठरत असतं, तर केनिया आणि क्वीन्सलँड यांची उत्तरं इतकी निराळी आली नसती.

आधी जीव पाहायचा आणि वर्ग नंतर ठरवायचा, ही शिस्त भारताला नवी नाही. भारतीय मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९३० च्या प्रबंधात खळाळत्या पाण्यातल्या जीवांचे दगडाला चिकटून राहण्याचे अवयव त्या प्रवाहाच्याच संदर्भात तपासले होते. सह्याद्रीचे ओढेही खेकड्यांचे आहेत. पहिल्या पावसात ते धरायला निघणाऱ्या गावकऱ्यांना हे सांगावं लागत नाही. तेव्हा इथल्या ओढ्याचा तळ मोजताना जाळ्यातल्या किड्यांबरोबर कपारीतले खेकडेही मोजावेत; ते वगळून केलेली मोजणी अपुरीच म्हणावी लागेल.