समुद्रातल्या बांधकामावर मासळी वसते का?

भरतीचं पाणी वसईच्या खाडीतून वर कल्याणपर्यंत चढतं. बदलापूरवरून आलेली उल्हास आणि अंबरनाथ, उल्हासनगरातून गेलेली वालधुनी याच वाटेनं समुद्राला मिळतात. त्यामुळे किनाऱ्यावर भराव पडला, भिंत उभी राहिली की पाण्याखाली काय होतं, हा विषय इकडच्या लोकांना वाटतो तितका लांबचा नाही.

दगड, काँक्रीट किंवा लोखंड समुद्रात पडलं की थोड्याच दिवसांत त्यावर जिवाणूंचा बुळबुळीत थर बसतो. मग शेवाळ येतं, बार्नेकल नावाचे कवचाचे बारीक जीव चिकटतात, कालवं धरतात. फटींमध्ये खेकडे आणि छोटे मासे शिरतात, त्यांच्या मागे हेकरू, तांब असे मोठे मासे. चिखलाच्या तळावर बसायला टणक जागाच नसते, तिथे हा फरक पटकन दिसतो.

पण सगळी बांधकामं सारखी नाहीत. शेताचा जुना दगडी बांध बघा. त्याच्या कपारीत सरडे, बेडूक, विंचू, मुंगूस सगळं नांदतं. त्याच जागी गिलावा केलेली भिंत घातली तर पालीशिवाय काही दिसत नाही. समुद्रातही तसंच. खडकाळ किनाऱ्याला उतार असतो, ओहोटीला पाणी धरणारे खळगे असतात, सावली असते. उभी सपाट भिंत यातलं काही देत नाही. म्हणून सिडनीत समुद्राच्या भिंतींवर पाणी साठवणाऱ्या कुंड्या बसवून पाहिल्या. अमेरिकेत सिएटलची नवी भिंत मुद्दाम खडबडीत आणि खाचांची बांधली.

मुंबईत मरीन ड्राइव्ह ते वरळी या 10.58 किलोमीटरच्या सागरी किनारा मार्गासाठी सुमारे 111 हेक्टर भराव घातला गेला. वाटेत हाजी अली आणि वरळीला प्रवाळाच्या 18 वसाहती सापडल्या. प्रवाळाला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. त्यामुळे 2020 मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मदतीनं त्या उचलून दुसरीकडे लावल्या. प्रवाळ हलवता आला. भरावाखाली गेलेल्या खडकावरचं बाकीचं जग मात्र हलवता येत नाही.

पुढे 2024 मध्ये वरळी कोळीवाड्यासमोर काँक्रीट आणि लोखंडाची दोनशेहून जास्त कृत्रिम भित्तिकांची युनिटं समुद्रात सोडली. अशा ठिकाणी मासे जमतात, यात वाद नाही. वाद आहे तो मासे वाढतात की नुसते आजूबाजूचे गोळा होतात, याचा. नुसते गोळा होत असतील आणि त्याच जागी जाळी पडत असतील, तर उरलीसुरली मासळी लवकर संपेल. पिल्लांना लपायला आणि खायला मिळालं, मासेमारीवर थोडी बंधनं राहिली, तरच वाढ होते. चुकीचा माल वापरला तर काय होतं, तेही जगानं पाहिलंय. फ्लोरिडात 1970 च्या दशकात सुमारे 20 लाख जुने टायर माशांसाठी म्हणून समुद्रात टाकले. बांधणी सुटली, टायर तळावर फिरत राहिले आणि जवळच्या खऱ्या प्रवाळाला घासू लागले. ते काढण्याचं काम कित्येक वर्षं चाललं.

नव्या टणक जागेवर बाहेरचे जीवही आधी हात मारतात. जहाजांना चिकटून आलेली मूळची अमेरिकेकडची एक छोटी शिंपली विशाखापट्टणमला आणि मग मुंबईच्या गोद्यांत पसरली.

हा हिशेब आता आपल्या शेजारच्या पालघर जिल्ह्यात मांडावा लागणार आहे. वाढवण बंदराचं भूमिपूजन 30 ऑगस्ट 2024 ला झालं. त्यात 1,448 हेक्टर भराव आणि 10.14 किलोमीटरची लाटरोधक भिंत आहे. भिंतीच्या दगडांवर जीव बसेल, हे खरं. पण तिथला खडकाळ किनारा मासळीच्या पिल्लांचं घर आहे, असं मच्छीमार सांगत आलेत, आणि भिंत खोल पाण्यात उभी राहून त्या उथळ खडपाची जागा घेऊ शकत नाही.

राहिला पाण्याचा प्रश्न. कालवं पाणी गाळून खातात, त्यामुळे पाण्यातले जड धातू त्यांच्या अंगात साठतात. उल्हासच्या खाडीतल्या गाळात पारा असल्याचं राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी नोंदवलंय. वालधुनीत कारखान्यांचं सांडपाणी येतंच. अशा पाण्यात कितीही चांगली भित्तिका सोडली तरी तिच्यावर धरलेलं कालव ताटात घ्यावं का, हे आधी तपासावं लागेल.