डॅनव्हिलच्या मिस्त्रीची ट्रॉफी

मोटारींच्या शर्यतीतलं मला फारसं कळत नाही, हे आधीच सांगून टाकतो. मला कळतं ते गॅरेज. मिरजेत अब्बांचं ट्रक दुरुस्तीचं गॅरेज होतं. शाळा सुटली की मी तिथं जायचो. त्यांनी मागितला तोच पाना त्यांच्या हातात द्यायचा, एवढंच माझं काम. इंजिनाचा नुसता आवाज ऐकून कुठला टॅपेट ढिला झालाय, ते अब्बा सांगायचे. पुढं मी बी. ए. झालो, कवितेच्या नादी लागलो आणि माझे हात स्वच्छ राहिले. तरी ग्रीसनं काळवंडलेली बोटं कुठं दिसली, की मी अजून घटकाभर थांबतो. वेंडेल स्कॉट मला भेटला तो असाच, एका पुस्तकातल्या छायाचित्रात, बॉनेट उघडून इंजिनावर वाकलेला.

हा अमेरिकेचा माणूस. व्हर्जिनिया राज्याच्या दक्षिण टोकाला डॅनव्हिल नावाचं गाव आहे, तिथला. तंबाखूचा बाजार आणि कापडाच्या गिरण्या यांवर हे गाव तेव्हा जगायचं. अमेरिकेतल्या यादवी युद्धात गुलामगिरी राखण्यासाठी लढलेल्या दक्षिणेच्या सरकारनं एप्रिल १८६५ मध्ये, पराभव डोळ्यांसमोर दिसत असताना, शेवटचा आठवडाभर आपली राजधानी इथं हलवली होती. अशा गावात २९ ऑगस्ट १९२१ रोजी एका कृष्णवर्णीय कुटुंबात वेंडेलचा जन्म झाला. वडील ड्रायव्हर आणि मेकॅनिक. गावातल्या काळ्या माणसाला रोजगाराच्या वाटा दोनच, गिरणी नाही तर तंबाखू. वेंडेलला दोन्ही नको होत्या. कुणाच्या भोंग्यावर उठायचं नाही, हे त्यानं लहानपणीच ठरवलं होतं. तो टॅक्सी चालवायला लागला. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात गेला, तिथंही हातात मोटारींचीच कामं. परत आल्यावर त्यानं स्वतःचं गॅरेज टाकलं आणि रात्री आणखी एक धंदा सुरू केला.

हा धंदा चोरट्या दारूचा. डोंगरात हातभट्टी लागायची आणि रातोरात माल शहरात पोचवायचा. गाडी बाहेरून साधी दिसली पाहिजे आणि आतलं इंजिन असं हवं, की पोलिसांना मागची धूळसुद्धा दिसू नये. दिवसा स्वतः बांधलेलं इंजिन स्कॉट रात्री स्वतःच पारखायचा. अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या स्टॉक कार शर्यतींचं एक मूळ या चोरट्या वाहतुकीतच आहे. स्टॉक कार म्हणजे दुकानात मिळते तशी दिसणारी मोटार, पण आतून शर्यतीसाठी घडवलेली. दारू वाहणाऱ्या पोरांत पैजा लागायच्या, त्यातून मातीचे गोल ट्रॅक उभे राहिले. १९४८ साली या सगळ्या खेळाला नियमात बांधणारी ‘नॅस्कार’ ही संस्था निघाली.

१९४९ साली स्कॉट पकडला गेला आणि त्याला शिक्षा म्हणून देखरेखीखाली ठेवण्यात आलं. गंमत म्हणजे याच बदनामीनं त्याला शर्यतीत आणलं. १९५२ मध्ये डॅनव्हिलच्या ट्रॅकवर गर्दी होईना. तेव्हा आयोजकांच्या डोक्यात आलं, की एखादा काळा ड्रायव्हर आणला तर लोक तमाशा बघायला येतील. असा माणूस कुठं मिळेल, म्हणून ते गेले पोलिसांकडे. पोलिसांनी क्षणाचाही विचार न करता एकच नाव सांगितलं. ज्याच्या मागं इतक्या रात्री धावले, त्याला ते विसरणार कसे?

२३ मे १९५२ ला स्कॉट पहिल्यांदा ट्रॅकवर उतरला. कुणी हुर्यो केली, कुणी टाळ्या वाजवल्या. इथं मला थोडं स्वतःविषयी बोलू द्या. कधी कधी कविसंमेलनाचं आमंत्रण येतं आणि बोलावणाऱ्याच्या सुरावरून लक्षात येतं, की यांना कवी हवाय की यादीत एक मुसलमान नाव हवंय. मी जातो. वाचायला दहा मिनिटं मिळतात ना, मग ती दहा मिनिटं आपली. स्कॉटनंही तेच केलं असावं. त्याला तमाशा म्हणून बोलावलं होतं, तो मात्र शर्यत खेळायला गेला.

पुढच्याच दिवसांत तो गाडी बांधून विन्स्टन-सेलमच्या शर्यतीला गेला. तिथले अधिकारी म्हणाले, काळ्या माणसाला परवानगी नाही. दुसऱ्या गावी, हाय पॉइंटला गेला, तर तिथंही तेच उत्तर. घरी परतताना डोळ्यांतून पाणी वाहत होतं, असं तो पुढं सांगायचा. मग त्यानं मोठ्यांचा नाद सोडला आणि व्हर्जिनियातल्या लहान ट्रॅकवरच खेळायचं ठरवलं. पहिल्या शर्यतीनंतर दोन आठवड्यांच्या आत लिंचबर्गला एक छोटी शर्यत त्यानं जिंकली. जत्रेच्या मैदानातले, अर्ध्या मैलाचे, मातीचे हे ट्रॅक. धूळ इतकी, की दहा फुटांवरचं दिसत नाही. कुणी मुद्दाम धडक देई. स्कॉट उलट भांडत नसे. हातघाईवर आलो तर सगळा ट्रॅक आपल्याविरुद्ध उभा राहील, हे त्याला माहीत होतं. गाडी ठोकून सरळ करायची आणि पुढच्या गावी जायचं. असं करत करत खालच्या गटांमध्ये त्यानं शंभराहून अधिक शर्यती जिंकल्या. नॅस्कारचा परवाना त्याला रिचमंडच्या एका अधिकाऱ्यानं दिला. वरच्यांना विचारलं असतं तर नकार आला असता, म्हणून त्या भल्या माणसानं विचारलंच नाही. १९५९ साली स्कॉट ‘स्पोर्ट्समन’ गटात व्हर्जिनियाचा राज्य विजेता झाला.

मार्च १९६१ मध्ये स्पार्टनबर्गला तो नॅस्कारच्या सर्वांत वरच्या गटात उतरला. आता सामना बड्यांशी. मोटार कंपन्या नामांकित ड्रायव्हरना नवी इंजिनं पुरवत होत्या. स्कॉटकडे होत्या इतरांनी वापरून टाकलेल्या गाड्या आणि सुटे भाग. ड्रायव्हर तोच, मेकॅनिक तोच, टेम्पोवाला म्हणावा तर तोही तोच. मुलं मोठी झाली तशी तीच त्याची पिटमधली माणसं झाली. वाटेत हॉटेलात जागा नाही, खाणावळीत प्रवेश नाही, म्हणून जेवण घरून बांधून न्यायचं आणि गाडीतच झोपायचं. शर्यतीत गाडी मोडली, तर पुढच्या शर्यतीचे पैसे दुरुस्तीत जायचे. म्हणून तो पुष्कळदा जिंकण्यासाठी नव्हे, गाडी धड घरी नेण्यासाठी चालवायचा. हे वाक्य लिहिताना मला अब्बा आठवतात. गिऱ्हाइकाची गाडी नवीकोरी दुरुस्त व्हायची, आणि आमची स्कूटर कायम ढकलस्टार्ट.

आता १९६३ कडे येऊ. १० जून १९६३ ला डॅनव्हिलमध्ये समान हक्कांसाठी प्रार्थना करत निघालेल्या काळ्या स्त्री-पुरुषांवर पोलिसांनी पाण्याचे फवारे सोडले आणि लाठ्या चालवल्या. चाळीसहून अधिक लोक जखमी झाले. गाव आजही त्या दिवसाला ‘रक्ताचा सोमवार’ म्हणून ओळखतं. नोव्हेंबरात राष्ट्राध्यक्ष केनेडींचा खून झाला. त्यानंतर अवघ्या नऊ दिवसांनी, १ डिसेंबरला, फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलला शर्यत होती. अर्ध्या मैलाचा मातीचा ट्रॅक, दोनशे फेऱ्या. स्कॉटकडे दुसऱ्या ड्रायव्हरकडून घेतलेली शेव्हरले होती, निळी, ३४ नंबरची.

शेवटच्या पंचवीस फेऱ्या उरल्या असताना रिचर्ड पेटीच्या गाडीत बिघाड झाला आणि स्कॉट पुढं गेला. त्यानं दोनशे फेऱ्या पुऱ्या केल्या, पण विजयाचा चौकटीचा झेंडा काही हलेना. तो धावतच राहिला. झेंडा पडला तो बक बेकरसाठी. बेकर खरं तर दोन फेऱ्या मागं होता. पण विजेता म्हणून त्याचाच पुकारा झाला, ट्रॉफी त्यालाच मिळाली, छायाचित्रंही त्याचीच निघाली. स्कॉटनं हरकत घेतली. त्या काळी फेऱ्या माणसं हातानं कागदावर मोजत, तेव्हा चूक होणं अशक्य नव्हतं. काही तासांनी कागद तपासून अधिकारी म्हणाले, होय, स्कॉटच पहिला. तोवर मैदान रिकामं झालं होतं. बक्षिसाचे पैसे मिळाले, ट्रॉफी मात्र बेकरबरोबर गेली होती. पुढं सव्हानाच्या शर्यतीच्या वेळी स्कॉटच्या हाती एक लाकडी ठोकळा ठेवला गेला. त्यावर नावसुद्धा नव्हतं.

नॅस्कारनं याला मोजणीची चूक म्हटलं. स्कॉटचं म्हणणं वेगळं होतं. विजेत्याच्या गालाचं चुंबन घ्यायला तिथं एक गोरी सौंदर्यवती उभी असायची. १९६३ च्या फ्लोरिडात ते दृश्य कुणाला नको होतं, असं तो आणि त्याचे घरचे मानत. मला विचाराल, तर मीही घरच्यांच्या बाजूचा. बावीस-पंचवीस गाड्यांच्या गर्दीत एका फेरीची चूक समजू शकते. सगळ्यांच्या पुढं असलेला माणूस दोन फेऱ्या दिसतच नाही, हे कसं?

वरच्या गटातली ही त्याची एकमेव जीत. शर्यती मात्र तो ४९५ खेळला आणि त्यांतल्या १४७ वेळा पहिल्या दहांत आला. १९६६ ला वर्षाच्या गुणतक्त्यात सहावा होता. प्रायोजकाविना, जुन्या लोखंडावर! १९७३ मध्ये कर्ज काढून त्यानं चांगली गाडी घेतली आणि तालाडेगाला वीस-एकवीस गाड्यांच्या एका भीषण अपघातात ती गेली. बरगड्या, कमरेचं हाड, पाय, सगळं मोडलं. त्यानंतर तो फारसा खेळला नाही. पुन्हा डॅनव्हिलचं गॅरेज, पुन्हा लोकांच्या गाड्या. १९७७ ला त्याच्या आयुष्यावर सिनेमा आला, रिचर्ड प्रायरनं त्याची भूमिका केली. सिनेमात अर्थातच शेवट गोड आहे. २३ डिसेंबर १९९० ला स्कॉट वारला.

ट्रॉफी अजून आलेली नव्हती. मुलं मागत राहिली. २०१० मध्ये जॅक्सनव्हिलच्या शर्यतप्रेमींनी एक प्रतिकृती करून दिली. २०१५ मध्ये नॅस्कारनं त्याला आपल्या मानाच्या दालनात घेतलं. आणि २८ ऑगस्ट २०२१ ला, डेटोनाच्या मैदानात, त्याच्या शंभराव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, नॅस्कारनं त्याच्या कुटुंबाच्या हाती १९६३ च्या विजयाची ट्रॉफी दिली. मधे अठ्ठावन्न वर्षं गेली होती.

त्यानंतर पाच आठवड्यांनी, ४ ऑक्टोबरला, बब्बा वॉलेस हा कृष्णवर्णीय तरुण तालाडेगाला जिंकला. वरच्या गटात स्कॉटनंतर जिंकणारा हा पहिलाच. शर्यत अर्ध्याहून थोडी पुढं गेली होती, वॉलेस आघाडीवर होता, आणि पाऊस सुरू झाला. सगळे आकाशाकडं बघत थांबले. पाऊस काही उघडेना. शेवटी तोच विजेता असं जाहीर झालं. ट्रॉफी त्याला त्याच दिवशी मिळाली.