मद्यपींच्या कुटुंबीयांसाठी आधारगट : नागोठणे परिसरातील भाविकांसाठी माहिती

प्रस्तुत लेख मद्यपान करणाऱ्या व्यक्तीसाठी लिहिलेला नाही. ती व्यक्ती ज्या घरात राहते त्या घरातील पत्नी, पती, आईवडील, मुले आणि भावंडे यांच्यासाठी तो आहे. दारू सोडविणारी केंद्रे कोठे आहेत, हे आता पुष्कळांना ठाऊक असते. परंतु घरातील माणसांनी स्वतःसाठी कोठे जावे, हा प्रश्न फारसा विचारला जात नाही. मिस्सेनंतर धर्मगुरूंपाशी थांबणारी भगिनी बहुधा एवढेच विचारते, "फादर, त्यांची दारू कशी सुटेल?" या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी तिला एक गोष्ट सांगणे आम्हांस आवश्यक वाटते. पतीने दारू आज सोडली, वर्षाने सोडली वा कधीच सोडली नाही, तरी तिला स्वतःला मदत मिळू शकते आणि ती घेण्यासाठी पतीच्या संमतीची वाट पाहण्याचे कारण नाही.

अल-अनॉन म्हणजे काय?

अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे ए.ए., ही मद्यासक्तांची परस्परसाहाय्य चळवळ १९३५ साली अमेरिकेतील अॅक्रन या शहरात सुरू झाली. बिल डब्ल्यू. आणि डॉ. बॉब हे तिचे संस्थापक. त्यांच्या बैठकींना पतीसोबत येणाऱ्या स्त्रिया बाहेर बसत, चहा करीत आणि आपापसांत बोलत. बोलता बोलता त्यांच्या ध्यानात आले की, दारू एकजण पितो, पण आजारी सारे घर पडते. बिल यांच्या पत्नी लोइस यांनी अॅन बी. या मैत्रिणीच्या साहाय्याने १९५१ साली अशा कुटुंबगटांना एकत्र आणले. तेच अल-अनॉन होय. १९५७ साली मद्यपींच्या किशोरवयीन मुलांसाठी अलाटीन गट सुरू झाले. ए.ए. भारतात मुंबईला रुजली, तीही १९५७ सालीच.

बैठकीचे स्वरूप साधे असते. तास-दीड तास आठदहा माणसे वर्तुळात बसतात. प्रत्येकजण फक्त आपले पहिले नाव सांगतो. आडनाव, गाव, पतीची नोकरी, धर्म काहीही विचारले जात नाही. एकजण बोलत असताना दुसरा मध्ये बोलत नाही, सल्ला देत नाही. प्रवेश फी नाही; शेवटी एक पिशवी किंवा डबा फिरतो, ज्याला शक्य असेल त्याने त्यात काही टाकावे. येथे ऐकलेले बाहेर सांगायचे नाही, हा दंडक आहे. पहिल्या दिवशी काहीही न बोलता केवळ ऐकून परत आले तरी चालते. एका बैठकीवरून मत बनवू नये, निदान सहा बैठकींना यावे, असे अल-अनॉनचे सभासद नवागतांस सांगत असतात. पहिल्या बैठकीत पुष्कळांना केवळ रडू येते, हे लक्षात घेता ही सूचना शहाणपणाची आहे.

तेथे शिकवली जाणारी पहिली गोष्ट अशी की, दुसऱ्याच्या मद्यपानाला आपण कारण नाही, ते आपल्या ताब्यात नाही आणि ते बरे करणे आपल्या हाती नाही. हे ऐकावयास सोपे आहे. परंतु "तू नीट वागली असतीस तर तो प्यायला नसता" असे सासरी, माहेरी आणि क्वचित चर्चच्या आवारातही ऐकत आलेल्या स्त्रीला ते पटण्यास महिने लागतात.

दुसरी गोष्ट अधिक कठीण आहे. नागोठण्याच्या पट्ट्यात कारखान्यांतील पाळीवर किंवा ठेकेदाराकडे कामाला जाणारी पुष्कळ कुटुंबे आहेत. पती रात्री पिऊन पडतो, सकाळची पाळी चुकते आणि पत्नी मुकादमाला फोन करून सांगते की, त्यांना ताप आहे. किराणा दुकानातील त्याची उधारी ती मंगळसूत्र गहाण ठेवून फेडते. भाऊ गुत्त्यावरचे कर्ज भागवितो. हे सारे प्रेमापोटी आणि अब्रूसाठी घडते, याविषयी आम्हांस शंका नाही. तरीही त्यामुळे पिण्याचे परिणाम पिणाऱ्यापर्यंत पोहोचतच नाहीत. कोणता भार उचलायचा आणि कोणता खाली ठेवायचा, हे त्याच वाटेने गेलेल्या दुसऱ्या बाईकडून जितके नीट कळते, तितके प्रवचनातून कळत नाही.

हा वेगळा पंथ आहे काय?

ही शंका कॅथलिक भाविक वारंवार काढतात, कारण बारा पायऱ्यांमध्ये "आपल्याहून थोर शक्ती"चा उल्लेख येतो. अल-अनॉन कोणत्याही धर्माशी वा पंथाशी संलग्न नाही. तेथे हिंदू भगिनी आपल्या देवाला हाक मारील, आपण प्रभू येशूला मारावी. या चळवळीच्या बाल्यावस्थेत तिला आधार देणाऱ्यांत आपली माणसे होती, हेही सांगितले पाहिजे. सिस्टर इग्नेशिया या धर्मभगिनीने १९३९ साली अॅक्रनच्या सेंट थॉमस रुग्णालयात मद्यपी रुग्णांना दाखल करून घेण्यास आरंभ केला. येशूसंघीय फादर एडवर्ड डाउलिंग १९४० साली बिल यांना भेटले. बारा पायऱ्या आणि संत इग्नेशियसची आध्यात्मिक साधना यांतील साम्य त्यांनी दाखवून दिले आणि ते त्यांचे आयुष्यभराचे मार्गदर्शक झाले.

एक भेद मात्र ध्यानात ठेवावा. गटातील मनोगत म्हणजे पापनिवेदन नव्हे. तेथील गुप्तता परस्परविश्वासाची असते, संस्काराची नसते. दोहोंची जागा वेगळी असून एकाने दुसऱ्याची गरज संपत नाही.

गट कोठे शोधावा?

छोट्या गावांतले गट सुरू होतात, बंद पडतात, जागा बदलतात. म्हणून छापील यादीवर विसंबून एस.टी.त बसू नये. आधी फोन करावा. समाजकल्याण खात्याची व्यसनमुक्ती दूरध्वनी सेवा १४४४६ या क्रमांकावर आहे. केंद्र शासनाने २०२२ साली सुरू केलेली टेलिमानस ही मानसिक आरोग्य सेवा १४४१६ वर मराठीतूनही बोलते. दोन्ही निःशुल्क आहेत. तेथे "माझ्या नवऱ्यासाठी केंद्र हवे" एवढेच न म्हणता "मला स्वतःसाठी कुटुंबीयांचा गट हवा" असे स्पष्ट सांगावे, अन्यथा संभाषण पुन्हा रुग्णाकडेच वळते. अलिबागच्या जिल्हा रुग्णालयातही चौकशी करावी. जवळपास ए.ए.ची बैठक होत असेल तर तेथील जुन्या सभासदांना अल-अनॉनचा पत्ता सहसा ठाऊक असतो.

नागोठणे मुंबई महाधर्मप्रांतात मोडते. याच महाधर्मप्रांताचे धर्मगुरू फादर जोसेफ परेरा यांनी १९८१ साली वांद्रे येथील माउंट कार्मेल चर्चच्या आश्रयाने कृपा फाउंडेशनची स्थापना केली. मद्यासक्तीतून ते स्वतः बाहेर आलेले असल्याने त्यांच्या शब्दाला वजन आले. बारा पायऱ्यांच्या जोडीला त्यांनी गुरुवर्य बी.के.एस. अय्यंगार यांच्याकडून मिळालेला योग आणला. २००९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. कृपाचे केंद्र वसईतही आहे. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने २९ ऑगस्ट १९८६ रोजी मुक्तांगण सुरू केले. रुग्णांच्या पत्नींसाठी तेथे सुरू झालेल्या गटाचे 'सहचरी' हे नाव मराठी कानाला अल-अनॉनपेक्षा जवळचे वाटते. स्त्रियाही व्यसनात सापडतात हे जाणून मुक्तांगणने 'निशिगंध' हा त्यांच्यासाठीचा विभाग काढला. पत्नी पीत असेल तेव्हा पतीला आधारगटात येण्याची लाज दुप्पट वाटते, त्यानेही यावे.

आता अंतराचा प्रश्न. आपल्या पेण-रोहा पट्ट्यात ख्रिस्ती कुटुंबे थोडी, सर्व एकमेकांना ओळखतात. म्हणून कोणी मुद्दाम दूरच्या शहरातील गट निवडला तर त्यात कमीपणा नाही. मात्र बैठकी बहुधा संध्याकाळी असतात. परतीची एस.टी. किंवा दिवा-रोहा गाडी किती वाजता आहे हे आधी पाहावे आणि शक्य तर रविवारचा गट निवडावा. २०२० च्या टाळेबंदीपासून फोनवरून व संगणकावरून होणाऱ्या बैठकी रूढ झाल्या आहेत. रात्री घर सोडता न येणाऱ्या स्त्रीला त्या वरदान ठरल्या. घरात फोन एकच असेल, भिंती पातळ असतील, तर तासाभरासाठी बहिणीच्या घरी किंवा कॉन्व्हेंटमध्ये बसता येईल का, हे धर्मभगिनींना विचारावे.

गट पुरेसा नसतो तेव्हा

रोज पिणाऱ्याने एकाएकी दारू सोडली तर पहिल्या काही दिवसांत फिट येणे, भास होणे असे प्रकार घडू शकतात आणि प्रसंगी जीवही जातो. यास्तव आम्ही सहधर्मगुरूंनाही विनवितो की, उपवासकाळात वा रिट्रीटमध्ये एखाद्याला दारू सोडण्याची शपथ देण्यापूर्वी त्याला डॉक्टरांकडे पाठवावे. तसेच "न सांगता दारू सोडवा" अशा भिंतीवरील जाहिरातींना भुलून जेवणात गोळी किंवा पूड मिसळू नये. डायसल्फिरॅम हे औषध रुग्णाच्या संमतीने व डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यावयाचे असते. नकळत पोटात गेल्यावर वर दारू घेतली, तर रक्तदाब कोसळून प्राणावर बेतते.

मारहाण होत असेल तर बैठकीची वाट पाहू नये. ११२ किंवा १८१ वर फोन करावा. मुलांसाठी १०९८ आहे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा राहत्या घरातील निवासाचा हक्क आणि संरक्षण देतो. येथे अनेक भगिनींना धर्माज्ञेची भीती अडविते. १९८३ च्या कॅनन लॉमधील ११५३ वे कलम असे आहे की, जोडीदारामुळे शरीराला वा आत्म्याला, आपल्या किंवा मुलांच्या, गंभीर धोका असेल तर वेगळे राहण्यास वैध कारण असते; विलंब घातक असेल तर आधी घर सोडून नंतर धर्माधिकाऱ्यांस कळविता येते. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ च्या 'अमोरिस लेतित्सिया' या पत्रात असे विभक्त राहणे कधी कधी नैतिकदृष्ट्या आवश्यक ठरते, असे म्हटले आहे. वेगळे राहिल्याने विवाहबंधन तुटत नाही, आणि कम्युनियनलाही बाध येत नाही.

संत मोनिकाचे उदाहरण देऊन पत्नींना गप्प बसविले जाते, ते आम्हांस नेहमी खटकते. मोनिकाने अश्रू ढाळले हे खरे, परंतु मुलाच्या चिंतेने ती एका बिशपांकडे मदत मागायला गेली होती, हेही ऑगस्टिननेच लिहून ठेवले आहे.

धर्मग्रामात गट सुरू करावयाचा झाल्यास

अल-अनॉनच्या परंपरेनुसार मद्यपींचे दोन आप्त परस्परसाहाय्यासाठी एकत्र बसले तरी गट होतो. तेव्हा नागोठणे, पेण वा रोहा येथे दोन कुटुंबांची तयारी असल्यास मुंबईतील जुन्या गटाशी संपर्क साधावा. सुरुवातीचे वाचनसाहित्य व मार्गदर्शन तेथून मिळू शकते. धर्मग्रामाने खोली द्यावी, नाममात्र भाडे घ्यावे आणि बाजूला व्हावे. गट धर्मग्रामाचा नसतो, त्यावर फादरांचे अध्यक्षपद नसते, अहवाल मागावयाचा नसतो. इतर धर्मांच्या शेजारणी आल्या तर त्यांचे स्वागतच असावे. गावातील दुकान मतदानाने बंद करण्याची 'आडवी बाटली'ची चळवळ स्वतंत्र आहे. तिची चर्चा या खोलीत आणू नये, कारण दुकान बंद झाले तरी पिणारा पुढच्या नाक्यावर जातो आणि घरचा प्रश्न घरीच राहतो.

मिस्सेतील सूचनांत वार, वेळ आणि एक फोन क्रमांक एवढेच वाचावे. हॉलची किल्ली गटातील एकीकडेच द्यावी, म्हणजे कोण आले, कोण गेले हे पाहण्यासाठी दाराशी कोणास उभे राहावे लागणार नाही.