परदेशस्थ भारतीयांची राष्ट्रीय अस्मिता

भारताबाहेर दीर्घकाळ वा कायम राहणाऱ्यांच्या मनातील भारतीयत्वाची जाणीव. देशाभिमान माणूस घरूनच घेऊन जातो आणि परमुलखात तो आठवणींवर पोसला जातो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. इतिहासाचा पुरावा तिला फारसा दुजोरा देत नाही. गाव सोडताना बहुतेकांची ओळख जात, भाषा वा पंथ यांपुरती होती. आपण भारतीय आहोत हे त्यांना पुष्कळदा परक्या कायद्याने शिकवले. उत्तर अमेरिकेतील भारतीयांनी ब्रिटिश राजवटीविरुद्ध उभारलेली गदर चळवळ हा याचा ठळक दाखला होय.

विसाव्या शतकाच्या आरंभी कॅनडा-अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर लाकूडगिरण्यांत व शेतमळ्यांत राबणारे भारतीय मुख्यतः पंजाबी शीख होते. त्यांतले कित्येक ब्रिटिश फौजेत नोकरी केलेले. साम्राज्याची चाकरी केली, तेव्हा साम्राज्यात कुठेही मान मिळेल, ही त्यांची अपेक्षा भाबडी असली तरी गैरवाजवी नव्हती. १९०७ साली ब्रिटिश कोलंबियाने त्यांचा मताधिकार काढून घेतला आणि सीमेपलीकडे बेलिंगहॅममध्ये गोऱ्या जमावाने त्यांना गावाबाहेर हुसकले. पुढच्याच वर्षी कॅनडाने मायदेशाहून थेट, वाटेत बोट न बदलता येणाऱ्यांनाच प्रवेश देण्याचा नियम केला. भारतातून तशी थेट बोट मिळतच नव्हती. भारताचे नावही न घेता दार बंद करण्याचे हे कसब होते. त्या नियमाला आव्हान देत १९१४ च्या मे महिन्यात ‘कोमागाता मारू’ ही बोट व्हँकूव्हरला पोहोचली. तिच्यावरील ३७६ प्रवाशांत ३४० शीख, २४ मुसलमान व १२ हिंदू होते, पण अडवताना हा भेद कोणी केला नाही. मोजकेच, मुख्यतः पूर्वीपासून कॅनडात राहणारे, उतरू शकले. त्याआधीच, १९१३ मध्ये सोहनसिंग भकना यांच्या अध्यक्षतेखाली उभा राहिलेला गदर पक्ष अशाच अनुभवांच्या मुशीतला. विष्णू गणेश पिंगळे आणि पांडुरंग खानखोजे हे मराठी तरुण त्यात सहज सामावले. पिंगळ्यांना तर १९१५ साली लाहोरला पंजाबी साथीदारांबरोबर फाशी झाली.

समान अपमान माणसांना एकत्र आणतोच असे नाही, हा आक्षेप रास्त आहे. भगतसिंग थिंड यांनी नागरिकत्वासाठी अमेरिकन सर्वोच्च न्यायालयात आपण उच्चवर्णीय, आर्य आणि म्हणून गोरे असल्याचा दावा केला. म्हणजे तडाखा बसताच जातीची ढालही पुढे येते. मात्र १९२३ साली न्यायालयाने ती ढाल निकामी ठरवली आणि पूर्वी नागरिकत्व मिळालेल्या अनेक भारतीयांवर ते गमावण्याची पाळी आली. दुसरा आक्षेप असा, की तिकडे प्रांतिक संस्थाच जोमाने वाढतात : लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ चे, उत्तर अमेरिकेतील बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ चे. पण गणपतीच्या आरतीला मराठी असलेला माणूस व्हिसाच्या रांगेत भारतीयच असतो. दोन्ही ओळखी खऱ्या. कोणती पुढे करायची हे समोर कोण उभे आहे त्यावर ठरते.

आज तो जाच पुष्कळ ओसरला आहे, तरी अभिमान ओसरलेला नाही. याचे एक कारण आता खुद्द भारताच्या धोरणात सापडते. २००३ पासून साजरा होणारा प्रवासी भारतीय दिवस ९ जानेवारीला येतो. ही गांधीजी १९१५ मध्ये मायदेशी परतले ती तारीख. न परतलेल्यांच्या गौरवासाठी ती निवडावी, हे गमतीचेच. दुहेरी नागरिकत्व भारत देत नाही. भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांसाठी २००५ पासून अमलात आलेल्या ‘ओसीआय’ कार्डावर आजन्म ये-जा करता येते; मतदानाचा व शेतजमीन विकत घेण्याचा हक्क मात्र मिळत नाही.