हाफ फ्राय दिव्यांची पोर्शे

इराण्याच्या हॉटेलात आपण ज्याला हाफ फ्राय म्हणतो, त्याला जर्मन लोक 'श्पीगलआय' म्हणतात. १९९७ नंतर हा शब्द जर्मनीत एका गाडीला चक्क शिवी म्हणून चिकटला. आणि गाडी साधीसुधी नव्हे, पोर्शे ९११! त्या वर्षी सप्टेंबरमध्ये फ्रँकफुर्टच्या मोटर शोमध्ये तिचं नवं मॉडेल आलं. कंपनीच्या आतल्या भाषेत त्याचा नंबर ९९६. गोल डोळ्यांच्या या गाडीला आता खालच्या बाजूने ओघळल्यासारखे दिवे होते आणि त्याच काचेत कोपऱ्यात केशरी इंडिकेटर. तव्यावर अंडं फोडलं आणि बलक कडेला सरकला, अगदी तसं. एकदा का ते डोळ्यांत भरलं की मग दुसरं काही दिसत नाही. फोटो शोधून बघा, म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल.

पण दिवे हे निमित्त. खरं दुखणं गाडीच्या मागच्या बाजूला होतं.

आपल्याकडच्या जुन्या बुलेटच्या इंजिनाला बाहेरून पत्र्याच्या चकत्यांसारखे पंख असतात ना, ते इंजिन वाऱ्याने गार होतं. रेडिएटर नाही, पाणी नाही, पाण्याचा पंप नाही. ९११ चं इंजिनही तसंच, फक्त त्याला वारा घालायला एक मोठा पंखा आणि मदतीला भरपूर तेल. सहा सिलिंडर, तीन डावीकडे तीन उजवीकडे आडवे झोपलेले आणि हे सगळं प्रकरण मागच्या चाकांच्याही मागे लटकवलेलं. शास्त्राप्रमाणे बघितलं तर इंजिन ठेवायची ही जागाच चुकीची. पण फर्डिनांड पोर्शे यांच्या बीटलपासून चालत आलेला हा वारसा होता आणि १९६३ पासून इंजिनिअरांच्या पिढ्यांनी घासूनपुसून त्याचं सोनं केलं होतं. त्या इंजिनाचा एक खास कोरडा, धातूचा आवाज होता. ९९६ मध्ये तेच गेलं. तिथे आलं पाण्याने गार होणारं नवंकोरं ३.४ लिटरचं इंजिन. आडवे सहा सिलिंडर तेच, जागा तीच, पण हवा गेली आणि पाणी आलं. वाऱ्यावरची शेवटची ९११ कारखान्यातून १९९८ च्या मार्चमध्ये बाहेर पडली.

झालं! चाहत्यांचे दोन तट पडले. एक म्हणे, ही ९११ च नाही. दुसरा म्हणे, अरे चालवून तर बघा. आणि चालवणाऱ्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. नवी गाडी साडेअठरा सेंटिमीटरने लांब असूनही वजनाला हलकी होती, ताकद २८५ वरून ३०० हॉर्सपॉवरवर गेली होती, आत ऐसपैस जागा होती आणि एसी नावाप्रमाणे काम करत होता. पण ज्याला गाडीच्या आवाजाची सवय झालीय त्याला एसीचं कौतुक सांगून काय उपयोग?

आता प्रश्न असा, की पोर्शेने हे केलंच का? इतिहास इथेच मजेशीर होतो. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

९११ ला मारायचा बेत खरं तर त्याच्या वीस वर्षं आधीच ठरला होता. अर्न्स्ट फुअरमान हे तेव्हाचे प्रमुख. त्यांना वाटत होतं की मागे इंजिन, वाऱ्यावर गार होणं, या सगळ्याचे दिवस भरले. म्हणून १९७७ मध्ये त्यांनी ९२८ आणली. इंजिन पुढे, आठ सिलिंडर, पाण्याने गार होणारं. उत्तम गाडी! १९७८ चा युरोपातला 'कार ऑफ द इयर' हा किताब तिला मिळाला. परीक्षकांनी डोक्यावर घेतली, पण ९११ वाल्यांनी मान वळवली. त्यांना ९११ च हवी होती.

मग १९८१ मध्ये पीटर शुट्झ प्रमुख झाले. ते स्वतःच हा किस्सा सांगत. इंजिनिअरिंगचे प्रमुख हेल्मुट बोट यांच्या खोलीत भिंतीवर एक तक्ता होता. कुठलं मॉडेल किती वर्षं चालणार त्याच्या रेघा त्यावर आखलेल्या. ९११ ची रेघ १९८१ लाच संपत होती. शुट्झनी मार्कर उचलला, रेघ तक्त्याच्या कडेपर्यंत नेली, तिथून भिंतीवर आणि तिथून थेट दाराबाहेर. झाला निर्णय!

हा किस्सा चाहत्यांचा फार लाडका आहे. त्यातून निघणारा अर्थही सोपा आहे : आम्ही हट्ट धरला म्हणून गाडी वाचली. खरंच आहे ते. पण गोष्ट तिथे थांबत नाही आणि पुढचा भाग सहसा कोणी सांगत नाही.

१९८६ मध्ये पोर्शे वर्षाला पन्नास हजारांच्या वर गाड्या विकत होती, त्यातल्या निम्म्याहून जास्त एकट्या अमेरिकेत. मग डॉलर घसरला, जर्मन गाड्या तिथे महागल्या, पाठोपाठ मंदी आली. १९९२-९३ या आर्थिक वर्षात विक्री पंधरा हजारांच्या खाली गेली आणि कंपनीला सुमारे २४ कोटी मार्कांचा तोटा झाला. पोर्शे आता कोण विकत घेणार याच्या चर्चा सुरू झाल्या. म्हणजे बघा, ज्या गाडीवर जीव ओवाळून टाकणारे जगभर होते, ती बनवणारी कंपनी बुडायला आली होती. कारण प्रेम करणारे पुष्कळ, पण नवी गाडी विकत घेणारे थोडे! जुनी ९११ जपून ठेवणाऱ्याचं प्रेम कितीही खरं असलं, तरी कारखान्यातल्या कामगाराचा पगार त्यातून निघत नाही.

या वेळी सूत्रं आली वेंडेलिन वीडेकिंग यांच्याकडे. त्यांनी काय केलं? टोयोटात काम केलेले जपानी सल्लागार बोलावले. ज्या जर्मन कारखान्याला आपल्या कारागिरीचा एवढा अभिमान, तिथे जपानी माणसं येऊन सांगणार की तुम्ही वेळ आणि सामान कसं वाया घालवता! माणसाच्या डोक्याच्या वरपर्यंत गेलेले सुट्या भागांचे रॅक वीडेकिंगनी करवत घेऊन स्वतः कापायला घेतले, असं सांगतात.

दुसरा निर्णय आपल्यासारख्या सॉफ्टवेअरवाल्यांना लगेच कळेल. कोड रीयूज! दोन गाड्या एकत्र डिझाइन करायच्या. एक स्वस्त, नवीन, दोन सीटची बॉक्स्टर आणि दुसरी ९११. पुढच्या काचेपर्यंतचा बराचसा भाग दोघींचा एकच. आणि ते बदनाम दिवे? हेडलाइट, इंडिकेटर, फॉग लॅम्प सगळं एकाच डब्यात बसवलेलं, म्हणजे असेंब्ली लाइनवर एकच मॉड्यूल आणायचं आणि ठोकून द्यायचं. हाफ फ्राय हा काही डिझायनरला पडलेला वाईट स्वप्नाचा भाग नव्हता. तो चक्क हिशेबाच्या वहीतून आला होता.

पाण्याचंही तसंच. प्रदूषणाचे आणि आवाजाचे नियम दर काही वर्षांनी कडक होत होते. स्वच्छ ज्वलन हवं तर एका सिलिंडरला चार झडपा हव्यात, पण चार झडपांच्या माथ्यातली उष्णता नुसत्या वाऱ्याने नीट निघत नाही. हे पोर्शेला खूप आधीपासून माहीत होतं. १९८६ च्या ९५९ या त्यांच्याच अफाट गाडीत सिलिंडर वाऱ्यावर आणि डोकी मात्र पाण्यावर गार होत होती. थोडक्यात काय, पाणी ९११ च्या दाराशी कधीचं येऊन उभं होतं. १९९७ मध्ये दार उघडलं एवढंच.

तरीही चाहत्यांचं सगळं चुकलं असं मी म्हणणार नाही. उलट एका बाबतीत त्यांचं नाक फार तिखट होतं. बॉक्स्टर १९९६ मध्येच बाजारात आली होती. म्हणजे ज्याने भरपूर जास्त पैसे मोजून नवी ९११ घेतली, त्याला शेजाऱ्याच्या स्वस्त गाडीचाच चेहरा मिळाला. आतलं प्लॅस्टिकही हलकं. लोकांना वास आला की इथे काटकसर झालीय. आणि पुढे ती इंजिनातही सापडली. त्यात कॅमशाफ्टना गती देणारा एक मधला शाफ्ट असतो, त्याचं एक बेअरिंग कधीकधी झिजून फुटायचं. सगळ्या गाड्यांत नाही, थोड्याच. पण ज्याच्या गाडीत फुटलं त्याचं अख्खं इंजिन कामातून जायचं. अमेरिकेत यावरून खटला झाला आणि कंपनीला तडजोड करावी लागली.

आता याच्या शेजारी दुसरी गोष्ट ठेवून बघा. १९९९ मध्ये ९९६ चीच जीटी३ आली. दिवे तेच हाफ फ्राय आणि इंजिन तेवढंच पाण्याचं. पण ते इंजिन वेगळं होतं, हान्स मेट्सगर यांच्या रेसिंग इंजिनांच्या घराण्यातलं, १९९८ ची ल माँ शर्यत जिंकणाऱ्या जीटी१ चं नातलग. त्यात ते दुखरं बेअरिंग नव्हतंच. या गाडीला कट्टर लोकांनी काय म्हटलं? डोक्यावर घेतली! पाण्याबद्दल कुरकुर नाही, अंड्याबद्दल तर हसून सोडून दिलं.

मला ही सगळ्यात बोलकी गोष्ट वाटते. लोक ओरडत होते "हवा, हवा!" म्हणून, पण त्यांना हवं होतं वेगळंच. आपण जिच्यासाठी आयुष्यभर पैसे साठवले ती गाडी बनवणाऱ्याने हात राखून बनवली नाही ना, एवढी खात्री त्यांना हवी होती. जीटी३ मध्ये ती मिळाली आणि राग गेला. साध्या ९९६ मध्ये ती मिळाली नाही, आणि नेमकं सांगता येईना म्हणून सगळा राग दिव्यांवर निघाला. रोज युजर्सच्या तक्रारी वाचणाऱ्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल. तक्रारीत लिहिलेलं असतं "बटणाचा रंग आवडला नाही" आणि खरं दुखणं असतं की सिस्टिमवरचा विश्वास उडालाय.

कंपनीने ऐकलं का? ऐकलं, पण निवडून. २००० च्या टर्बोला वेगळे दिवे दिले, पुढे २००२ च्या मॉडेलपासून साध्या गाडीलाही तसेच, आणि २००४ मध्ये ९९७ आली ती पुन्हा गोल डोळे घेऊन. पाणी मात्र परत गेलं नाही. चेहऱ्याबद्दलचं म्हणणं मान्य, इंजिनाबद्दलचं अमान्य. ९९६ च्या पावणेदोन लाख गाड्या विकल्या गेल्या, आधीच्या ९९३ च्या अडीचपट. तो पैसा आला म्हणून २०१७ च्या मे महिन्यात दहा लाखावी ९११ कारखान्यातून बाहेर पडू शकली.

आणि चाहते? ते आपल्या कामाला लागले आहेत :-) २०१५ मध्ये साध्या कॅरेराला टर्बो बसवला तेव्हा म्हणाले, आवाज मेला. २०२४ मध्ये जीटीएसमध्ये हायब्रिड आलं तेव्हा म्हणाले, आता संपलंच. दरम्यान वाऱ्यावरच्या जुन्या गाड्या इतक्या महाग झाल्या की ज्यांना कशीबशी एखादी ९११ परवडते अशी तरुण मंडळी शोधत जातात ती बरीच वर्षं सगळ्यात स्वस्त राहिलेल्या त्याच अंड्याच्या गाडीकडे. बेअरिंग बदलून घेतात आणि घाट चढतात.

असो. पुढची ९११ येईल तेव्हा पुन्हा आरडाओरडा होईल आणि तो व्हायलाच हवा. ज्या दिवशी नव्या ९११ वर कोणी चिडणार नाही, त्या दिवशी पोर्शेने खरी काळजी करावी.