आव्हान-लढती

आव्हान-लढती : धंदेवाईक व प्रशिक्षित लढवय्याने कोणाही सामान्य इसमास पैशाचे आमिष दाखवून आखाड्यात बोलवावे आणि ठरावीक वेळ टिकून दाखविण्याचे आव्हान द्यावे, असा करमणुकीचा एक प्रकार. इंग्लंडमधील जत्रांतून तो अठराव्या शतकात पुढे आला व अनेक स्थित्यंतरांनंतर दूरचित्रवाणीवर येऊन पोहोचला. दादागिरी करणाऱ्या इसमास धंदेवाईक लढवय्यासमोर उभा करणारा ‘बुली बीटडाउन’ हा अमेरिकन कार्यक्रम (२००९) हे त्याचे अलीकडील रूप होय.

जेम्स फिग (मृत्यू १७३४) याने १७१९ मध्ये लंडन येथे आपला आखाडा उघडला. साउथवर्कच्या जत्रेतही त्याचा तंबू असे आणि तेथे तो तलवार, लाठी व मुष्टी यांत येईल त्यास आव्हान देई. विल्यम होगार्थच्या त्या जत्रेवरील चित्रात घोड्यावर बसलेला फिग दिसतो. पुढे ब्रिटनभर असे फिरते तंबू झाले. तंबूच्या दर्शनी मंचावर मुष्टियोद्धे ओळीने उभे राहत, मालक मोठ्याने ललकारी देई आणि गावातील एखादा खाणकामगार वा शेतमजूर पुढे येई. तो ठरलेल्या फेऱ्या टिकला, तर बक्षिसाची रक्कम त्याची. कोणी पुढे न आल्यास गर्दीत आधीच पेरून ठेवलेला मालकाचाच माणूस हात वर करी. फसवणुकीची ही बाजू असली, तरी तंबूंनी चांगले मुष्टियोद्धे घडविले हेही खरे. जिमी वाइल्ड, टॉमी फार व फ्रेडी मिल्स हे तिघेही तरुणपणी तंबूंत लढले होते.

शरीरबळ व शिक्षण यांतील फरक सर्वांत ठळकपणे दाखविला तो युकिओ तानी या जपानी जुजुत्सुपटूने. १९०० मध्ये लंडनला आलेला हा ठेंगणा, हलक्या वजनाचा माणूस संगीतगृहांच्या रंगमंचावरून आव्हाने देऊ लागला. पाच मिनिटांपुढे टिकणाऱ्यास दर मिनिटास एक पौंड व हरविणाऱ्यास शंभर पौंड, अशी त्याची बोली असे. मात्र प्रतिस्पर्ध्याने जाड अंगरखा घालून लढावे, अशी अट होती. या अटीतच निकालाचे बीज होते. कारण अंगरख्याची गळपट्टी पकडून गळा आवळण्याची विद्या केवळ तानीला ठाऊक होती. आव्हान-लढतीत नियम ठरविणारा पक्ष बहुधा हरत नाही, हे येथे स्पष्ट दिसते.

ऑस्ट्रेलियात जिमी शार्मनचे मुष्टियुद्ध-पथक १९११ पासून कृषिप्रदर्शनांतून फिरत होते. त्यातील अनेक योद्धे आदिवासी होते. वसाहतींत जखडलेल्या या समाजातील तरुणांना तंबूमुळे रोजगार, प्रवास व काहीसा मान मिळाला. पण दिवसातून अनेकदा लढल्याने डोक्याला होणाऱ्या इजाही त्यांच्याच वाट्याला आल्या आणि नफ्याचा मोठा वाटा मालकाकडे राहिला. मुष्टियोद्ध्याने लागोपाठ लढू नये, असे निर्बंध आल्यावर १९७१ मध्ये हे पथक बंद पडले.

महाराष्ट्रातील जत्रांच्या कुस्त्यांतही मल्ल फडात फिरून जोड मागतो. परंतु वय, वजन व तयारी पाहून जोड लावणे हे पंचांचे काम असते. विजोड कुस्ती लावणे कमीपणाचे समजले जाते. आव्हान-लढतीचे सारे आकर्षण मात्र विजोडपणातच आहे.

अमेरिकेत फिरत्या करमणूक-मेळ्यांतील कुस्तीगीर अशाच लढती करीत. १९७९ मध्ये मिशिगन राज्यात ‘टफमॅन’ स्पर्धा सुरू झाल्या. त्यांत अप्रशिक्षित माणसेच एकमेकांशी लढत. २००३ मध्ये फ्लॉरिडा राज्यातील सॅरासोटा येथे अशा स्पर्धेत जखमी झालेली एक स्त्री मरण पावली आणि नियंत्रणाचा प्रश्न तीव्र झाला. दरम्यान १९९३ मध्ये डेन्व्हर येथे ‘अल्टिमेट फायटिंग चँपियनशिप’ची पहिली स्पर्धा होऊन मिश्र युद्धकला लोकप्रिय झाली होती.

या पार्श्वभूमीवर एमटीव्ही वाहिनीने मार्च २००९ मध्ये ‘बुली बीटडाउन’ सुरू केला. मिश्र युद्धकलेतील लढवय्या जेसन मिलर हा त्याचा सूत्रधार होता. त्रास सोसणाऱ्याने तक्रार करावयाची, मिलरने त्रास देणाऱ्यास गाठून डिवचावयाचे व १०,००० डॉलरांचे आमिष दाखवून आखाड्यात आणावयाचे, असा क्रम असे. पहिली फेरी कुस्तीची. तीत दर शरणागतीस हजार डॉलर वजा होत व ती रक्कम पीडिताकडे जाई. दुसऱ्या, लाथाबुक्क्यांच्या फेरीत शेवटपर्यंत उभे राहिल्यास उरलेले ५,००० डॉलर मिळत. सांधा मुरगाळणे किंवा गळा आवळणे यांवरील उतारा माहीत नसलेल्या माणसास काही मिनिटांत वारंवार शरण यावे लागे.

जुन्या तंबूपासून हा कार्यक्रम एका महत्त्वाच्या बाबतीत वेगळा आहे. तंबूत गाव आपल्या माणसाच्या बाजूने ओरडे. येथे प्रेक्षक धंदेवाईकाच्या बाजूने असतात, कारण आव्हान स्वीकारणारा आधीच दोषी ठरलेला असतो. ज्या विषमतेची लाज वाटावी, तिला अशा रीतीने न्यायाचे रूप मिळते. तक्रारीची शहानिशा करण्याचे साधन प्रेक्षकापाशी नसते. दुबळ्याला बळाने नमविणे हाच ज्याचा अपराध, त्याला अधिक बळवंताकडून नमविणे ही शिक्षा, ही विसंगतीही लपत नाही. तथापि आरोपी स्वेच्छेने व पैशासाठी येतो, हा बचाव अगदीच पोकळ म्हणता येणार नाही. तंबूतील खाणकामगारही तसाच येत असे. तीन पर्वांनंतर कार्यक्रम बंद झाला. ज्याच्या नावाने ही लढत होई, तो पीडित आखाड्याबाहेर बसून असे. त्याला स्वतः लढावे लागत नसे व लढण्याचे शिक्षणही दिले जात नसे.